लुतीवर डिझेल कशाला?

अंगावरचे केस झडलेले, कातडी राखाडी आणि जाड झालेली, एका जागी बसून सारखे खाजवणारे कुत्रे आपल्याकडे दोनच गोष्टींचे धनी असते. रस्त्यावरचे असेल तर दगड, घरचे असेल तर डिझेल. गॅरेजमधून आणलेले जळके ऑइल, तंबाखूचे पाणी, शेतात फवारून उरलेले औषध, असे प्रयोग एकामागून एक होतात. कुत्रे दगावले की ‘लूत लागली होती, वाचणार नव्हतेच’ असे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा ते लुतीने मेलेले नसते, उपचाराने मेलेले असते. वास्तविक कारण नेमके कळले तर लूत हा बहुतेक वेळा बरा होणारा रोग आहे.

आपल्या भाषेने या रोगाचे कारण शब्दातच जपून ठेवले आहे, हे गमतीचे आहे. संस्कृतात ‘लूता’ म्हणजे कोळी, जाळे विणणारा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतेच्या विषाची चर्चा आहे आणि कोळ्यामुळे उठणाऱ्या त्वचारोगालाही लूताच म्हणत. लूत घडवणारा माइट हा खरोखरच कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा जीव. ही ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटली ती बऱ्याच उशिरा. इटलीतील जोव्हानी कोझिमो बोनोमो याने 1687 मध्ये माणसाच्या खरजेतला जीव पाहून त्याचे वर्णन केले, तेव्हा.

मिरचीचा चुरडा-मुरडा किंवा मोसंबीवरचा लाल कोळी जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. भोकरदनकडच्या मिरचीवाल्याने तर त्याच्यावर आयुष्यभर पैसा घातलेला असतो. कुत्र्याच्या अंगावरचा माइट हा त्याचाच दूरचा भाऊबंद. अडचण अशी की या नात्यामुळेच पिकावरचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर चोळायची बुद्धी होते. पानाला कातडी नसते आणि पान स्वतःला चाटत नाही. कुत्रे आणि मांजर चाटतात, आणि अंगावर लावलेले विष त्यांच्या पोटात जाते.

गोचीड आणि माइट यांत गल्लत होते, ती आधी दूर केली पाहिजे. गोचीड डोळ्यांना दिसते, चिमटीत धरता येते. लुतीचा माइट अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो. सारकोप्टिस जातीची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून आत राहते आणि तिथेच रोज दोन-तीन अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ होऊन पुढची पिढी तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून वरून भुरभुरलेली गोचिडाची पावडर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि एकदा औषध दिल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा का बोलावतात तेही यातून कळावे. पहिल्या डोसात जिवंत माइट मरतात, अंडी बऱ्याचदा राहून जातात.

ही सारकोप्टिसची लूत ओळखण्याच्या खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. सुरुवात कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे ढोपर आणि पोट अशा कमी केसांच्या जागी होते. खाज इतकी की कुत्रे जेवण सोडून खाजवते, रात्री झोपत नाही. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. हे लक्षण पक्का पुरावा नव्हे, पण दवाखान्यात न्यायला पुरेसे आहे. तिथे डॉक्टर ब्लेडने कातडी खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सारकोप्टिस निम्म्याहून अधिक वेळा या तपासणीत हाती लागत नाही. म्हणून ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘लूत नाही’ असा होत नाही. अनुभवी डॉक्टर लक्षणे पाहून उपचार सुरू करतात, ते योग्यच आहे.

दुसरी लूत डेमोडेक्सची, आणि तिची तऱ्हा पूर्ण वेगळी. हे माइट जवळपास प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी थोड्या संख्येने असतातच. पिल्लाला ते जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या दुधाबरोबर, तिच्या अंगाच्या स्पर्शातून मिळतात. प्रतिकारशक्ती कमी पडली की त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि डोळ्याभोवती, तोंडाच्या कडेला, पुढच्या पायांवर केस जातात. खाज सुरुवातीला फारशी नसते. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही. पिल्लाच्या तोंडावर असे एक-दोन चट्टे दिसले म्हणून त्याला गावाबाहेर सोडून येणारे लोक आहेत. असे मोजके चट्टे पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. सगळ्या अंगावर पसरलेला डेमोडेक्स मात्र चिवट असतो. उपचार काही महिने चालतात, आणि महिन्याच्या अंतराने दोनदा तपासणी स्वच्छ आल्याशिवाय औषध थांबवायचे नसते. खाज थांबावी म्हणून कुणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर प्रतिकारशक्ती आणखी खचते आणि हाच रोग भडकतो.

मांजरांमध्ये कानातला माइट सर्वांत जास्त आढळतो. कानात कॉफीच्या भुग्यासारखा काळपट मळ दिसतो आणि मांजर सारखे डोके झटकते. तेल घालून काडीने कान कोरणे थांबवा, पडदा फाटू शकतो.

आता औषधांविषयी. सगळ्यांच्या ओळखीचे औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानचे सातोशी ओमुरा यांना मातीतल्या एका जिवाणूत याचा मूळ पदार्थ सापडला. विल्यम कॅम्पबेल यांच्यासोबत त्यांना 2015 चे नोबेल मिळाले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते जनावरांसाठी वापरात आहे आणि स्वस्त आहे. औषध उत्तम, पण आपण ते वापरतो कसे? गाई-म्हशींसाठीच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असते आणि जनावराच्या 50 किलो वजनाला एक मिलिलिटर असे त्याचे प्रमाण. याच हिशेबाने दोन किलोच्या पिल्लाला 0.04 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब बसतो. साध्या सिरिंजमध्ये तेवढे मोजताच येत नाही. घरी टोचणारा माणूस ‘थोडेसे’ म्हणून अर्धा मिलिलिटर टोचतो, तेव्हा बारापट मात्रा झालेली असते. पिल्लू लाळ गाळते, झोकांड्या खाते, त्याला दिसेनासे होते, ते बेशुद्ध पडते. यावर नेमका उतारा नाही. कोली जातीच्या आणि काही प्रमाणात जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते, तिथे तर लुतीसाठी लागणारी मात्राही घातक ठरू शकते. गावठी कुत्र्याच्या वंशात कोण मिसळले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

अमिट्राझच्या द्रावणाने अंघोळ घालण्याची पद्धतही चालू आहे. पाण्यात नीट प्रमाणात मिसळून, हातमोजे घालून, उघड्या हवेत ती करायची असते. मांजराला ते लावू नये. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते, हेही लक्षात ठेवावे. गेल्या दहा वर्षांत आलेल्या फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर या गोळ्यांनी काम पुष्कळ सोपे केले आहे. खाऊसारखी एक गोळी महिनाभर, फ्लुरालानर असेल तर सुमारे तीन महिने काम करते. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती विचारून द्यावी लागते. या गोळीची किंमत शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून जास्त, हा तिचा खरा अडथळा. तरीही दोन महिने फसलेल्या उपायांचा खर्च मांडून पाहिला तर ती महाग पडत नाही. घरात जेवढी कुत्री तेवढ्यांना एकाच वेळी उपचार हवा. अंथरूण गरम पाण्यात धुऊन आपल्या मराठवाडी उन्हात कडकडीत वाळवले की तिथले माइट टिकत नाहीत.

माणसांचे काय? कुत्र्याचा सारकोप्टिस माणसाला चावतो. त्याला उचलून घेतो तिथे, हातांवर, पोटावर लाल पुरळ उठते. पण तो आपल्या कातडीत वंश वाढवू शकत नाही, आणि कुत्रे बरे झाले की हे पुरळ काही आठवड्यांत जाते. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ असेल, तर ती माणसाची खरूज आहे आणि ती माणसाकडून माणसाला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोपीत दाटीने झोपतात, वसतिगृहात मुले अंथरुणे बदलून वापरतात, तिथे ती वेगाने फिरते. अशा वेळी दोष कुत्र्यावर टाकून त्याला हाकलले की खरूज घरातच राहते. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे मलम खाज दाबते आणि रोग झाकते. परमेथ्रिनचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचे आणि आठवड्याने पुन्हा, हा खरा उपचार. विदर्भात 2018 मध्ये ज्याने घबराट उडवली त्या स्क्रब टायफसचा माइट वेगळाच, तो गवता-झुडपांतून येतो. त्याचा लुतीशी संबंध नाही.

आमचे म्हणणे सरकारी यंत्रणेबद्दलही आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यातले पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, शेळी यांचा विचार करून उभे राहिले. 1962 या क्रमांकावर येणारे फिरते पथकही मुख्यतः पशुधनासाठीच. ते समजण्यासारखे आहे, दुभत्या जनावरावर घर चालते. पण शेळीच्या लुतीसाठी आणि कुत्र्याच्या लुतीसाठी सूक्ष्मदर्शक एकच लागतो, खरवडायची ब्लेडही एकच. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात ही तपासणी आठवड्यातला एक दिवस तरी व्हावी. गुंतागुंतीची प्रकरणे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवता येतील, जालन्याहून थेट रेल्वे आहे. जनावरांची इंजेक्शने चिठ्ठीशिवाय हातात देणाऱ्या दुकानांना अन्न व औषध प्रशासनाने विचारायला हवे.

जालन्याची 2023 मध्ये महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आले. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. नसबंदीसाठी पकडलेले कुत्रे काही दिवस पिंजऱ्यात असतेच. तेव्हाच त्याचे वजन करून लुतीचे औषध दिले, तर वेगळी मोहीम काढावी लागणार नाही. नाहीतर घरच्या कुत्र्याला महागाची गोळी द्यायची आणि ती उतरली की गल्लीतल्या कुत्र्याकडून त्याने पुन्हा लूत घेऊन यायची, हा फेरा चालूच राहील.