बाटलीने प्रथिनांची तूट भरत नाही



आमच्या नालवाडीत परसातल्या कोंबड्यांबरोबर दहा-वीस टर्की पाळणारे मोजकेच. त्यामुळे टर्कीच्या पिल्लांचे वेगळे खाद्य इकडे कुणी आणत नाही. कृषी केंद्रातून ब्रॉयलर स्टार्टरचे पोते आणायचे. पिल्ले खुरटी राहिली अशी तक्रार केली, की दुकानदार एन्झाइमची बाटली पुढे करतो. ‘पाण्यातून द्या, प्रथिने अंगी लागतील.’ गेल्या हंगामात मीही दिली. पिल्ले खुरटी ती खुरटीच.

हिशेब साधा आहे. टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे 28 टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. ब्रॉयलर स्टार्टरमध्ये ती 22 टक्क्यांच्या आसपास असतात. एन्झाइम दाण्यात अडकलेले मोकळे करते, मुळात नसलेले कुठून आणणार? फायटेज मका-सोयाबीनमधला बांधलेला फॉस्फरस सोडवते. झायलॅनेजचा गुण गव्हाचा कोंडा जास्त असेल तेव्हा दिसतो. प्रोटीएजने पचन थोडे सुधारते, एवढेच. शिवाय एन्झाइम उष्णतेने निकामी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालच्या दुकानात ती बाटली किती दिवस पडून होती, हे विचारायचे मला सुचले नाही.

त्यापेक्षा तीन किलो स्टार्टरमध्ये एक किलो सोयाबीनची ढेप मिसळावी. ढेपेत 46 टक्के प्रथिने धरली तर मिश्रण बरोबर 28 वर येते. ढेपेने स्टार्टरमधली खनिजे, जीवनसत्त्वे पातळ होतात आणि सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी असते, म्हणून ही भर पशुवैद्यकाला विचारून घालावी लागते. खर्चाची ओरड मला पटत नाही. चार आठवड्यांत एक पिल्लू साधारण किलोभर खाते. त्यात ढेप येते पाव किलो!

मात्र घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घालू नये. त्यातला एक घटक पिल्लाच्या पोटातले प्रथिने पचवणारे एन्झाइमच अडवतो. भाजल्यावर तो जातो. सरकीची ढेप गोठ्यात असतेच, पण तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे ती या पिल्लांच्या वाट्याला नको. पुष्कळ पिल्ले तर भांड्यासमोर उभी राहून उपाशी मरतात, कारण त्यांना खायचे कळतच नाही. त्यांना पहिला पंधरवडा दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून देतात. दुकानात हे कुणी सांगत नाही. अंडी त्यांच्याकडे विकायला नसतात.

विनोबा जिथे 1932 साली राहायला आले, त्या गावातून मांसाच्या पक्ष्यांविषयी पत्र यावे, हे काहींना रुचणार नाही. ते मान्य. पण पाळलेला जीव अर्धपोटी ठेवणे त्यांनाही रुचणार नाही.

पशुसंवर्धन विभागाने गावोगावच्या शिबिरांत कोंबडीच्या आणि टर्कीच्या पिल्लांच्या खाद्यातला हा फरक सांगावा. बाटलीवर एन्झाइमचे नाव, त्याची ताकद आणि साठवणीचे तापमान मराठीत छापणे सक्तीचे करावे. माझ्याकडची अर्धी उरलेली बाटली मी चष्मा लावून दोनदा वाचली. ‘वाढीसाठी उत्तम’ याखेरीज तिच्यावर कामाचे काही सापडले नाही.

— एक टर्कीपालक, नालवाडी (जि. वर्धा)