बारशांचे महामंडळ

एसटी महामंडळाला गाड्यांची चणचण नेहमीच भासत आली. नावांची कधी भासली नाही. रातराणी, अश्वमेध, शीतल, परिवर्तन, यशवंती, हिरकणी, विठाई, शिवनेरी, शिवशाही, शिवाई. एखाद्या लहान आगारात दुपारच्या वेळी गाड्या कमी आणि नावे जास्त भरावीत. बारसे थाटात होते, फीत कापली जाते, नव्या रंगाच्या पट्ट्यांचे फोटो छापून येतात. पहिल्या पावसाळ्यात चिखल सगळ्यांना एका रंगात आणून सोडतो.

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, ती निळ्या-चंदेरी रंगात. लाल रंग नंतरचा, पण तो असा मुरला की ‘लाल डबा’ म्हणून नाक मुरडणाऱ्याचाही हात फाट्यावर तो रंग दिसताच वर जातो. ही गाडी थांबेल आणि तिकीट परवडेल, एवढे त्या रंगावरून कळते. पांढरी-हिरवी असली की निमआराम: थांबे कमी, भाडे थोडे अधिक. १९८२ च्या दिल्लीतील एशियाडसाठी वापरलेल्या गाड्या दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या, तेव्हा त्यांना ‘एशियाड’ म्हणायचे हे प्रवाशांनीच ठरवून टाकले. महामंडळाने पुढे तिची हिरकणी केली. दादरचा थांबा लोकांच्या तोंडी अजून एशियाडच आहे. त्यात हिरकणी हे नाव स्थानकातल्या स्तनदा मातांच्या कक्षालाही दिलेले. चौकशीच्या खिडकीवर ‘हिरकणी कुठंय?’ असे विचारा, कक्षाकडे बोट दाखवले तरी उत्तर चूक म्हणता येणार नाही.

शिवनेरी, शिवशाही, शिवाई ही तर कमालच. शिवरायांची आठवण देणारे नाव ठेवले की हरकत घेणार कोण, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण गाड्या तिन्ही वातानुकूलित, भाडी वेगवेगळी, आणि स्थानकातला कर्णा घरघरणारा. ‘शिव’च्या पुढची अक्षरे कानी पडेपर्यंत अर्धा फलाट पिशव्या उचलून पळत सुटलेला असतो.

दुसरीकडे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट लागू झाले. त्यासाठी कुठल्याही गाडीला नवा रंग लागला नाही की नवे नाव, तरी गाड्या भरभरून वाहू लागल्या. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता, तेव्हाही हेच. एसटीचे ग्राहक कशाला भुलतात, हे यावरून कळायला हरकत नव्हती.

थांब्यावर उभ्या माणसाची नजर असते पाटीवर. समोरच्या काचेआड तिरकी टेकवलेली पत्र्याची पाटी, ‘मार्गे’च्या पुढचा रंग उडालेला, मागच्या बाजूला परतीचे गाव. शेवटच्या थांब्यावर ती उलटवायची राहून गेली, की गाडी निघाली त्याच गावाला पुन्हा निघते. काही गाड्यांत दिव्यांच्या पाट्या आल्या, पण त्यांवरची अक्षरे अशा लगबगीने सरकतात की वाचणाऱ्यालाच त्यांच्यामागे धावावे लागते. मार्गाची सर्वांत नेमकी जाहिरात अजून ‘विना थांबा, विना वाहक’ या साध्या फलकाचीच आहे. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, दोन्ही चार शब्दांत.

१ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. गाडी बदलली, रंग बदलला, इंधन बदलले, पुढे गावाचेही नाव अहिल्यानगर झाले. आणखी एक बारसे कधीतरी येईलच. त्याआधी महामंडळाने गाडी कुठे जाते आणि कुठून जाते, एवढे वीतभर अक्षरांत लिहावे, आणि रात्री त्या पाटीवर एक दिवा लावावा.