भांडण नेमकं कशावरून?

चॅनेलच्या बैठकीतून लेखक हल्ली ठरलेली मागणी घेऊन बाहेर पडतो: घराणं गडगंज हवं आणि भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले हवेत. मग बंगला ठरतो, त्यातला जिना ठरतो, थोरल्या सुनेच्या साड्या ठरतात. भाऊ भांडतात कशावरून, हे मात्र पन्नासावा भाग लिहायला बसेपर्यंत कुणी विचारत नाही.

या कुळातली थोरली मालिका म्हणजे अमेरिकेतली 'डॅलस'. २ एप्रिल १९७८ला सीबीएसवर सुरू झाली, तेव्हा ती अवघ्या पाच भागांची होती. संपली १९९१मध्ये, ३५७ भागांनंतर. (आपल्याकडे आठवड्याला सहा भागांच्या हिशेबाने एवढा मजकूर सव्वा वर्षाच्या आतच जातो. त्यामुळे तुलना जपूनच करावी.) जे. आर. युइंगचं कपटी हसू आणि त्याची हॅट सगळ्यांच्या लक्षात राहिली. लेखकाने बघायचं ते हॅटखालचं.

'डॅलस'चा जनक डेव्हिड जेकब्स याने युइंग घराण्याचा जणू सातबाराच आधी लिहून ठेवला होता. साउथफोर्क हे त्यांचं रँच मुळात जे. आर.ची आई मिस एली हिच्या माहेरचं. ते डबघाईला आलं आणि तिचा नवरा जॉक युइंग याच्या तेलाच्या पैशाने वाचलं. त्याच तेलातला आपला वाटा जॉकने गिळला, हा त्याचा जुना भागीदार डिगर बार्न्स याचा दावा. वर एलीवर डिगरचंही प्रेम होतं. या डिगरची मुलगी पॅम पहिल्याच भागात जे. आर.चा धाकटा भाऊ बॉबी याची बायको म्हणून त्या घरात येते. आता कुणी आरडाओरडा करायची गरजच उरत नाही. जेवणाच्या टेबलावर पाणी मागितलं तरी त्यात जुनी थकबाकी ऐकू येते. आणि कंपनीत, जमिनीत प्रत्येकाचा हक्क अडकलेला, म्हणून घर सोडून जाणं कुणालाच परवडत नाही. 'ही सून वेगळी का राहत नाही?' या प्रश्नाला आपल्या किती मालिकांकडे उत्तर आहे?

२१ मार्च १९८०ला जे. आर.वर गोळी झाडली गेली. या भागाचं आपण फार कौतुक करतो आणि चुकीच्या कारणासाठी करतो. चॅनेलने हंगामाच्या शेवटी जादा भाग मागितले, त्यातून ती गोळी सुचली, म्हणजे कल्पना घाईचीच. तरी ती चालली, कारण संशयितांची रांग आधीपासून उभी होती. जे. आर.ने साउथफोर्क गुपचूप गहाण टाकून आशियात तेलविहिरी घेतल्या होत्या. तिथलं सरकार त्या ताब्यात घेणार ही कुणकुण लागताच त्याने त्या मित्रांच्या गळ्यात मारल्या. बायको स्यू एलनला तो रुग्णालयात डांबायला निघाला होता. मेव्हणी क्रिस्टनला त्याने वापरून फेकलं होतं. गोळी कुणी झाडली याचं उत्तर नटांच्या संपामुळे २१ नोव्हेंबरपर्यंत लांबलं आणि त्या रात्री अमेरिकेत आठ कोटींहून अधिक लोक टीव्हीसमोर होते. गोळी क्रिस्टनची निघाली. दुसऱ्या कुणाची निघाली असती तरी प्रेक्षकाने मानली असती. ट्विस्ट आधी आणि कारणं मागाहून, या आपल्या सवयीच्या हे नेमकं उलटं आहे.

हीच मालिका पुढे स्वतःचा सातबारा विसरली. बॉबीचं काम करणाऱ्या पॅट्रिक डफीला सोडून जायचं होतं, म्हणून मे १९८५मध्ये बॉबीला मारलं. वर्षभराने डफी परत यायला तयार झाला, तेव्हा बॉबी अंघोळ करताना दिसला आणि मधला अख्खा हंगाम पॅमचं स्वप्न ठरला. त्या हंगामातली दुःखं, लग्नं, सौदे एका फटक्यात रद्द. गंमत म्हणजे 'नॉट्स लँडिंग' या तिच्याच पोटच्या मालिकेत बॉबीचा शोक झालेला होता आणि तिने तो कधी मागे घेतला नाही. एका मालिकेत जिवंत, दुसरीत मेलेला! लोकप्रियता आधीच उतरणीला लागली होती, त्यामुळे सगळं खापर स्वप्नावर फोडता येणार नाही. पण मेलेला माणूस परत येतो म्हटल्यावर पुढच्या मरणाला रडायचं कुणी आणि का?

हा प्रश्न आपल्यालाही आहे. टीआरपी पडला की लीप, हमशकल, स्मृतिभ्रंश हे सगळं हाताशी असतंच, आणि गुरुवारचे आकडे समोर असताना लेखकाला 'नाही' म्हणता येत नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणून या अंकापासून एक सदर सुरू करत आहोत. आपल्या चालू मालिकेतल्या कुटुंबाचं एक पान लिहून पाठवा: घर कुणाच्या नावावर, धंद्यात कुणाचा किती वाटा, कोण कुणाचं काय लागतं आणि काय देणं लागतं. मालिकेचं नाव गाळलंत तरी चालेल. निवडक पानं सहकारी लेखकांच्या शेऱ्यांसह छापू.