आधी कोळसा, मग माणूस

मंडळी, आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातून मुंबई-पुण्याला झोपून जाता येईल अशी रोजची गाडी मागितली की एक उत्तर ठरलेलं असतं. "ऑपरेशनच्या दृष्टीने शक्य नाही." हे वाक्य ऐकून कान किटले. आज जरा त्याची फोड करून बघू. आयुष्य फळ्यासमोर गेलं, फोड करायची सवय जात नाही!

आधी रेल्वेची बाजू. पूर्वी मुंबईच्या सेवाग्राम एक्सप्रेसला बल्लारशाचे डबे असत. वर्ध्याला ते सुटे व्हायचे आणि दुसऱ्या गाडीला लागून हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर करत जायचे. मुंबईला बसलेला माणूस सामान न हलवता आपल्या गावी उतरायचा. पण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. डबे काढायला-लावायला इंजिन लागतं, रात्रपाळीची माणसं लागतात, ब्रेक पुन्हा तपासावे लागतात आणि तोवर स्टेशनातली एक लाईन अडून राहते. एक गाडी उशिरा आली की दुसरी तिष्ठत बसते. त्यात नवे एलएचबी डबे आले. त्यांचं कपलिंग जुन्या डब्यांपेक्षा वेगळं. दिवे-पंख्यांची वीजही इंजिनातून नाहीतर जनरेटरच्या डब्यातून येते, म्हणजे दोनच डबे सोडून ठेवले तर आतली माणसं अंधारात. २०२० मध्ये वेळापत्रक नव्याने बसवलं गेलं, तेव्हा ही जोड डब्यांची पद्धतच मोडीत निघाली.

गोंदिया-बल्लारशा मार्गाची गोष्ट आणखी अवघड. २४० किलोमीटर, एकेरी लाईन. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात थांबायचं. मधे जंगल. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळच्या जुनोना जंगलात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. तिथे गाडी जपूनच चालवायला हवी, याबद्दल दुमत नाही. ड्रायव्हरच्या कामाच्या तासांनाही मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी.

इतकं सगळं मान्य. आता माझा प्रश्न. त्याच लाईनीवरून, त्याच जंगलातून, त्याच रात्री मालगाड्या कशा जातात हो? त्यांना इंजिन मिळतं, ड्रायव्हर मिळतो, क्रॉसिंग मिळतं. वाघ काय फक्त प्रवासी गाडीलाच आडवा येतो? तेव्हा अडचणी खऱ्या असल्या, तरी त्या कोणासाठी सोडवायच्या हे आधी ठरतं आणि "शक्य नाही" हे नंतर ठरतं.

हा क्रम आजचा नाही. इंग्रजांनी १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले ते आमच्या आजोबा-पणजोबांना पंढरपूरला न्यायला नव्हे, तर इथला कोळसा न्यायला. तेव्हा वरोरा हे फाट्याचं शेवटचं स्टेशन होतं. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. रूळ मात्र पुढे गेले, आणि १९२९ मध्ये बल्लारशा-काजीपेठ जोडलं गेल्यावर आमचा हा फाटा दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग झाला! म्हणून एखाद्या आडमार्गाला "फाटा आहे, परवडत नाही" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

आता थोडं आपल्याच लोकांना. आपले पुढारी मागतात काय? नवी गाडी! हिरवी झेंडी, हार, फोटो. ताडोबा, आनंदवन अशी आपल्याकडची नावं गाड्यांना मिळाली, आपण खूश झालो. पण त्या रोज धावत नाहीत, आणि आजार काही वार बघून येत नाही. नंदीग्राम एक्सप्रेस पूर्वी वणी, वरोरा करत नागपूरला जायची, आता ती बल्लारशाकडे वळते. चंद्रपूरकरांची सोय झाली, आनंद आहे. पण वरोऱ्याचं काय गेलं, ते आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

माझं म्हणणं साधं आहे. डबे जोडणं जमत नसेल तर गाड्या जोडा. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीडची गाडी गोंदियाला विदर्भ आणि महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वेळेला पोचलीच पाहिजे. आमची गाडी वर्ध्याला मुंबईच्या रात्रीच्या गाडीला मिळालीच पाहिजे. एक उशिरा आली तर दुसरीने ठरलेली मिनिटं थांबावं, आणि हे वेळापत्रकात छापावं. म्हातारा माणूस पूल न चढता दुसऱ्या गाडीत बसेल असे फलाट द्यावेत. याला ना नवे डबे लागतात, ना झेंडी. लागते ती फक्त जबाबदारी.

आणि हे आत्ताच बोलायला हवं. २०२५ मध्ये केंद्राने गोंदिया-बल्लारशाचं दुहेरीकरण आणि वर्धा-बल्लारशाची चौथी लाईन मंजूर केली. म्हणजे "लाईन मोकळी नाही" हे कारण काही वर्षांत संपेल. मोकळ्या झालेल्या लाईनीवर काय धावणार? आपण गप्प बसलो तर आणखी कोळसा, आणि गडचिरोलीचं लोहखनिज. त्या अख्ख्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं वडसा हे एकच रेल्वे स्टेशन होतं, हे विसरू नका. भामरागड-सिरोंच्याचा माणूस रोग्याला घेऊन टाटा हॉस्पिटलला निघतो, तेव्हा तो आधी एसटीत किती तास बसतो याचा हिशोब कोणत्या ऑपरेशनमध्ये धरतात?

खनिज इथलं, जंगल इथलं, धूळही इथलीच. त्या बदल्यात एक रात्रीची झोपायची जागा मागणं जास्त होतं का?

असो. मुंबई-पुण्याच्या भाच्या-पुतण्यांनो, "काका, विमानाने या" असं लिहू नका. नागपूरच्या विमानतळापर्यंत यायचं कसं, तेवढं आधी सांगा!