मांडलिकाचा करारनामा

बँकेत आयुष्यभर कर्जरोखे वाचले, की एक खोड जडते. कुठलाही करार हाती आला, की कोण कुणाला किती बांधील आहे, हे आधी पाहावेसे वाटते. आजच्या तुर्कस्तानातील हत्तुसा नगरीतून राज्य करणाऱ्या हिटाइट सम्राटांचे तह वाचताना माझी ही खोड पुन्हा उफाळून आली.

मातीच्या पाट्यांवरच्या या तहांचा मसुदा साधारण ठरलेला असे. आधी सम्राटाने केलेल्या उपकारांची उजळणी, मग अटी, शेवटी साक्षीला देव आणि वचन मोडणाऱ्याला शाप. मितन्नीच्या शत्तिवाझाशी झालेल्या तहात तर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे आपल्या ओळखीचे देव साक्षीला आहेत! अटी कडक होत्या. बोलावणे येताच पायदळ आणि रथ घेऊन निघायचे, पळून आलेल्यांना परत पाठवायचे. अमुरूच्या अझिरूला दरसाल ३०० शेकेल सोने भरावे लागे. विलुसाच्या अलक्सांदूला तर तह वर्षातून तीनदा वाचून दाखवला जावा, असे कलमच होते. बदल्यात सम्राट संरक्षणाची हमी देई.

इ.स.पू. १२७४ च्या सुमारास काडेशच्या रणांगणावर मुवतल्ली दुसरा रामसेसपुढे उभा ठाकला, तेव्हा त्याच्या बाजूने डझनाहून अधिक प्रदेशांची सैन्ये होती. आलेप्पोचा राजा नदीत पडला. त्याला उलटे धरून पोटातले पाणी काढणारे सैनिक इजिप्तच्या मंदिरभिंतीवर आजही दिसतात. अमुरूचा राजा बेन्तेशिना त्याआधीच इजिप्तला मिळाला होता. काडेशनंतर त्याची गादी गेली.

फितुराचे हे झाले. पण निष्ठावंताचे काय? इ.स.पू. ११९० च्या सुमारास उगारिटचा राजा अम्मुरापी सायप्रसच्या राजाला कळवतो, की शत्रूची सात जहाजे आली आणि त्यांनी बराच विध्वंस केला. त्याचे स्वतःचे सैन्य मात्र हिटाइटांच्या मुलखात होते, आणि जहाजे लुक्काच्या किनाऱ्यावर. पुढे उगारिट जळाले. ते वैभव पुन्हा आले नाही. त्याच सुमारास हत्तुसाही ओस पडले.

जामीनदाराची ऐपत पाहावी, हे बँकेत नवशिक्या कारकुनालाही ठाऊक असते. मांडलिकाला ती मुभा नव्हती. आजच्या लहान देशांना ती थोडीफार आहे. मोठ्याच्या छत्राखाली जरूर जावे. पण आपली सगळी गलबते त्याच्या कामाला पाठवून आपले बंदर उघडे टाकू नये, एवढे तरी उगारिटच्या राखेतून शिकायला हवे.