दिसावरचा गुमास्ता, आता लागोसमध्ये

पूर्वी मोठ्या पेढ्यांचा गुमास्ता दिसावरी राहत असे. मालकाशी त्याची भेट क्वचितच होई. एरवी पत्रे, हुंड्या आणि विश्वास यांवर कारभार चाले. आज परदेशात घरबसल्या संगणकाचे काम करणारा कर्मचारी हा त्याच गुमास्त्याचा नवा अवतार होय. मात्र तो नात्यातला किंवा गावचा नसतो, आणि घोळ नेमका तेथेच सुरू होतो.

नायजेरियातील लागोस ही अशा कर्मचाऱ्यांची नवी बाजारपेठ आहे. इंग्रजी तेथील राजभाषा. घड्याळ युरोपशी जुळणारे, भारताच्या साडेचार तास मागे. पुण्यात माणसे मिळत असताना लागोस कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु नायजेरियात औषधे वा यंत्रे पाठवणाऱ्या भारतीय व्यापाऱ्याला तेथील ग्राहक, तेथील बँका आणि पैसे भरण्याच्या तेथील पद्धती जाणणारा माणूस उपयोगी पडतो.

2014 मध्ये लागोसमध्ये ‘अँडेला’ ही कंपनी निघाली. तरुणांना प्रोग्रॅमिंग शिकवावे आणि तेथूनच अमेरिकी कंपन्यांच्या कामाला लावावे, अशी तिची कल्पना. 2016 मध्ये झुकरबर्ग दांपत्याच्या संस्थेच्या पुढाकाराने तिला 2.4 कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. तरीही 2019 मध्ये तिने सुमारे 400 नवशिक्यांना कमी केले, कारण मागणी अनुभवी माणसांना होती. यात नवल नाही. चोपडी तपासायला शेजारी जुना मुनीम नसेल तर उमेदवार तयार व्हायचा कसा?

खरी कसोटी पगाराच्या चलनाची. नायजेरियाच्या नाण्याला नायरा म्हणतात. जून 2023 पूर्वी सरकारी भावाने एका डॉलरला साधारण 460 नायरा पडत. त्या महिन्यात सरकारने भाव मोकळा सोडला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये डॉलर 1500 नायरांच्या पुढे गेला. समजा, एखाद्याचा पगार 4,60,000 नायरा ठरला होता. मालकाच्या वहीत तो आधी 1000 डॉलर होता. आठ-नऊ महिन्यांत जेमतेम 300 उरला. काम तेच, माणूस तोच. मालकाला ही बचत वाटेल. पण ती दुसऱ्याच्या ताटातून उचललेली आहे. त्याच काळात तेथील महागाई 30 टक्क्यांच्या घरात गेली. असा माणूस चार महिन्यांत दुसरीकडे जातो आणि प्रणालीची सारी माहिती त्याच्याबरोबर जाते. पगार डॉलरमध्ये ठरवणे किंवा दर तिमाहीला भाव पाहून फेरविचार करण्याचे कलम घालणे, हा उपाय साधा आहे. दया नव्हे, व्यवहार आहे.

कार्यालयाचे भाडे आणि वीजबिल वाचते, असेही सांगितले जाते. ते वाचत नाही, कर्मचाऱ्याच्या घरी जाते. 2024 मध्ये नायजेरियाची राष्ट्रीय वीजवाहिनी अनेकदा कोलमडली. घरोघरी जनरेटर चालतात, आणि मे 2023 मध्ये अनुदान उठल्यावर पेट्रोल जवळजवळ तिप्पट झाले. मार्च 2024 मध्ये आयव्हरी कोस्टजवळ समुद्रातील केबली तुटल्या, तेव्हा लागोसमधील इंटरनेटही कोलमडले. मुदतीत काम हवे असेल, तर इंधन व दुसऱ्या इंटरनेट जोडणीचा खर्च मालकाने वेगळा मोजावा.

पैसे पाठवताना आडमार्ग नको. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 नुसार रक्कम अधिकृत बँकेतूनच जावी. कारण स्पष्ट नोंदवावे, करार व बिल जोडावे आणि उद्गम करकपातीबद्दल सनदी लेखापालाला आधी विचारावे. सेवा परदेशातून घेतली म्हणून जीएसटी सुटत नाही. अशा सेवेवरील 18 टक्के कर घेणाऱ्यालाच भरावा लागतो. व्यवसायासाठीच वापर असेल, तर बहुधा त्याची वजावट मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे मालकाचा असतो. कंत्राटी माणसाचा तसा नाही, तो लेखी लिहून घ्यावा लागतो. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा लेखात मुदत नमूद नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता, आणि प्रदेश नमूद नसेल तर केवळ भारतापुरता मिळाला असे मानतात. नायजेरियात वापरायची प्रणाली लागोसच्या माणसाकडून करून घेणाऱ्याने हे कलम सहीपूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे.