आधी पत गेली, मग राजा

फ्रेंच राज्यक्रांती म्हटले की शाळेच्या इतिहासातली ठरावीक चित्रे डोळ्यांपुढे येतात. बॅस्तिलचा तुरुंग, गिलोटिन आणि ‘पाव मिळत नसेल तर केक खा’ म्हणणारी राणी. यातले वाक्य मारी आंत्वानेतने उच्चारल्याचा काहीही पुरावा नाही आणि १४ जुलै १७८९ रोजी बॅस्तिल पडला तेव्हा आत अवघे सात कैदी होते. तरीही ही चित्रे पुसली जात नाहीत. उपाशी प्रजा आणि मस्तवाल राणी एवढ्यावर गोष्ट भागते ना! पण प्रजेच्या उपासमारीने राज्ये पडत असती, तर जगातले एकही सिंहासन शंभर वर्षे टिकले नसते.

माझी हयात बँकेत गेली. कादंबऱ्या रात्री लिहिल्या. दिवसा कर्जप्रकरणे तपासली. त्यामुळे इतिहास वाचतानाही नजर आधी खातेवहीकडे जाते. बँकेत आम्ही कर्जदाराच्या गरिबीला फारसे भीत नसू. भीत असू ते लपवलेल्या हिशेबाला. सोळाव्या लुईचे खाते उघडून पाहिले की मला हीच गोष्ट दिसते. त्याचे मस्तक २१ जानेवारी १७९३ रोजी गेले, पत मात्र त्याआधी साडेचार वर्षे गेली होती. ‘पत’ हा आपला शब्द मोठा नेमका आहे. सावकाराच्या पेढीवर चालते तीही पत आणि चारचौघांत असते तीही पतच. लुईच्या बाबतीत दोन्ही एकदमच गेल्या.

आकडेच पाहू. १७८८ च्या अंदाजपत्रकात उत्पन्न ५० कोटी लिव्रपेक्षा थोडे अधिक, तर खर्च सुमारे ६३ कोटी. या खर्चातले जवळपास ३२ कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक, केवळ कर्जापायी जात होते. ज्या राजदरबाराच्या चैनीवर सगळा राग होता, त्याचा वाटा साधारण सहा टक्के! राणीचे सगळे हिरे विकले असते, तरी तूट भरून निघाली नसती. हे कर्ज झाले कशाने? मुख्यतः लढायांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची जिरवण्यासाठी फ्रान्सने शंभर कोटी लिव्रहून अधिक खर्च केला आणि तो बहुतांशी उसनवारीने. आपल्याकडे पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करतात, म्हणजे जुने फेडल्याचे दाखवायचे आणि त्याच दिवशी नवे उचलायचे. व्हर्सायचा कारभार तसाच चालला होता.

हा खेळ रंगवणारा गृहस्थही बँकवालाच होता. जिनिव्हाचा सावकार नेकर. १७८१ मध्ये त्याने राजाचा जमाखर्च छापून प्रसिद्ध केला. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या, कारण राज्याची तिजोरी ही तोवर गुपिताची बाब होती. त्या हिशेबात एक कोटीची शिल्लक दिसत होती. युद्धाचा खर्च ‘विशेष’ म्हणून बाजूला ठेवला होता! ताळेबंद सजवण्याची ही विद्या किती जुनी आहे पाहा. पण त्यातून एक गोष्ट घडली, ती परत फिरवता येणारी नव्हती. राजाचा हिशेब पाहता येतो, हे प्रजेला कळले.

पुढचा अर्थमंत्री कालोन याने १७८७ मध्ये सरदार आणि धर्माधिकारी यांना बोलावून सांगितले की, जमिनीवर सर्वांनीच कर द्यावा. मुख्य करातून हे दोन वर्ग जवळजवळ मुक्त होते. तो भरायचा शेतकऱ्याने, वर मिठावरचा करही द्यायचा. मंडळींनी नकार दिला. शिल्लक होती म्हणता, मग तूट आली कुठून, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता, विचारणाऱ्यांचा हेतू तेवढा रास्त नव्हता. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने रोखीने देणी देणे थांबवले आणि राजाला १६१४ नंतर प्रथमच तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली.

इथे कुणी म्हणेल, कर्ज कुणाला नव्हते? ब्रिटनच्या डोक्यावरही ते डोंगराएवढेच होते. दरडोई कर तर तिथे फ्रान्सहून जास्त. पण ब्रिटनला कर्ज निम्म्या व्याजाने मिळे, कारण तिथला जमाखर्च पार्लमेंटपुढे येत असे आणि फेडीची हमी पार्लमेंट देत असे. लुईला सावकार जास्त व्याज लावत, ते त्याच्या हिशेबावर विश्वास नव्हता म्हणून. माझ्या मते क्रांतीच्या कारणांचे सार या फरकात आहे.

भुकेचा वाटा मी नाकारत नाही. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पिके झोडपली, मग कडक हिवाळा आला. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव आठ-नऊ सूवरून साडेचौदा सूवर गेला. मजुराचा रोजच वीस ते तीस सू. त्यातच राजाने गावोगावच्या प्रजेला गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितले. सोसायची सवय झालेले दुःख कागदावर उतरले की ते अन्याय म्हणून दिसू लागते. उपासमारीने दारूगोळा पुरवला, पण दार उघडले ते दिवाळखोरीने.

आता परिणामांकडे वळू. १७ जून १७८९ रोजी तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. त्याच दिवशी सभेने राज्याचे कर्ज राष्ट्राच्या इमानावर घेतले. २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले स्वातंत्र्य-समता आपल्याला पाठ असते. पण चौदावे कलम नागरिकाला कर कशासाठी आणि कुठे जातो हे पाहण्याचा हक्क देते, पंधरावे प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याकडून कारभाराचा जाब मागण्याचा. मला ही दोन कलमे क्रांतीचा गाभा वाटतात.

आणि शोकांतिका अशी की, हिशेब मागणाऱ्यांनाच हिशेब पाळता आला नाही. नोव्हेंबर १७८९ मध्ये सभेने चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या तारणावर ‘असिन्या’ नावाचे ४० कोटींचे रोखे काढले. तारण उत्तम होते. पण पुढच्याच वर्षी त्या रोख्यांचे चलन झाले. मग युद्ध आले आणि छापखाना थांबेना. एकूण छपाई साडेचार हजार कोटींच्या घरात गेली. शंभराच्या नोटेला एक लिव्रही येईना, तेव्हा फेब्रुवारी १७९६ मध्ये छपाईची सामग्री भर चौकात नष्ट करण्यात आली. मधल्या काळात भाव बांधले, साठेबाजाला देहदंड ठरवला. तरी पाव स्वस्त झाला नाही. १७९७ मध्ये तर प्रजासत्ताकाने दोन-तृतीयांश कर्ज बुडवले. लुईला जे उघडपणे करण्याचे धाडस झाले नाही, ते त्याला मारणाऱ्यांनी केले. गमावलेली पत मग एका सेनापतीने तलवारीच्या टोकावर परत आणली. नेपोलियन नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्तेवर आला, १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स उघडली आणि १८०४ मध्ये तो सम्राट झाला.

मग हा सगळा रक्तपात फुकटच गेला का? तसे मी म्हणणार नाही. जमीनदारांचे सरंजामी हक्क १७९३ मध्ये विनामोबदला गेले, ते १८१४ मध्ये बूर्बो घराणे गादीवर परतले तरी परत आले नाहीत. चर्चच्या विकलेल्या जमिनीही नव्या मालकांकडेच राहिल्या. त्यात शहरी पैसेवाल्यांचे आणि सधन शेतकऱ्यांचे फावले. ज्याच्या हातात फक्त मजुरीच्या नोटा होत्या, तो मात्र दोन्ही राजवटींत बुडाला. क्रांतीच्या जमेला न्याय आहे आणि नावेला हा माणूस आहे. त्याचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही.

लोक राजाला कर देतात, त्याच्यासाठी मरतातही. फक्त आपल्याच पैशाचा हिशेब विचारल्यावर आपल्याला कुणी खोटे सांगते आहे, हे एकदा ध्यानात आले की मात्र त्यांचे सोसणे संपते. लुई हे समजला नाही. त्याच्या जागी बसलेल्यांना ते समजायला हवे होते. पंधरावे कलम त्यांनीच तर लिहिले होते.